गोल्फचा ग्लोव्ह एकाच हातात का घालतात? रंग, चामडं आणि पकडीमागचं गणित

गोल्फची एखादी रील डोळ्यांखालून गेली असेल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. खेळाडूचे बूट जोडीने, मोजे जोडीने, पण ग्लोव्ह मात्र एकाच हातात. त्यातही चेंडू हलकेच होलमध्ये ढकलायची वेळ आली की तो काढला जातो आणि मागच्या खिशात खोचला जातो. खिशाबाहेर लोंबणारी ती पाच बोटं म्हणजे गोल्फपटूची ओळखच झाली आहे.

पूर्वी हा ग्लोव्ह जवळपास हमखास पांढरा असायचा. आता तो गुलाबी, पोपटी, नारिंगी, फुलाफुलांचा, अगदी लष्करी ठिपक्यांचाही मिळतो. टी-शर्टला, टोपीला आणि बुटांना जुळणारा ग्लोव्ह निवडणारे खेळाडू आता हौशी मंडळींमध्येही दिसतात. दिसायला छान असण्यात वाईट काहीच नाही. पण ताशी शंभर-दीडशे किलोमीटर वेगाने फिरणारी काठी आणि तुमचा हात यांच्यामध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा हा एकच थर असतो. तो नीट नसेल तर फटका बिघडतो, हाताला फोड येतात आणि पैसेही वाया जातात. म्हणून ग्लोव्ह घेताना रंगाकडे कधी पाहायचं आणि कामाकडे कधी, हे समजून घेतलेलं बरं.

एकाच हातात का?

गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात आणि तिच्या रबरी मुठीला ग्रिप. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू क्लब धरतो तेव्हा डावा हात वर, म्हणजे ग्रिपच्या टोकाजवळ असतो आणि उजवा हात त्याच्या खाली. वरच्या हाताची शेवटची तीन बोटं, म्हणजे मधलं बोट, अनामिका आणि करंगळी, क्लब घट्ट धरून ठेवण्याचं मुख्य काम करतात. खालचा हात क्लबला प्रामुख्याने बोटांनी धरतो आणि त्याचा तळवा बराचसा वरच्या हाताच्या अंगठ्यावर टेकतो.

म्हणजे घसरण्याचा आणि घासण्याचा जास्त त्रास वरच्या हाताला होतो. म्हणून ग्लोव्ह त्याच हातात. खालच्या हाताची कातडी मोकळी राहिली की क्लबचा स्पर्श बोटांना थेट कळतो.

डावखुऱ्या खेळाडूंचं याच्या बरोबर उलट असतं. भारताची दीक्षा डागर डावखुरी खेळते, त्यामुळे तिचा ग्लोव्ह उजव्या हातात असतो. दुकानात किंवा ऑनलाइन घेताना नवखे लोक इथेच फसतात. वेष्टनावर ‘लेफ्ट हँड’ असं लिहिलं असेल तर तो ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठीचा असतो. डावखुऱ्या खेळाडूला ‘राइट हँड’ लिहिलेला ग्लोव्ह लागतो.

मुळात ग्लोव्ह लागतो कशाला?

गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा असतो. हातातला क्लबही फारसा जड नसतो, सर्वांत लांब क्लब असलेला ड्रायव्हर साधारण तीनशे ग्रॅमचा. मग घट्ट धरण्याची एवढी चिंता कशासाठी?

कारण आहे वेग. चांगल्या हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरचं डोकं चेंडूला लागताना ताशी सुमारे १५० किलोमीटर वेगाने जात असतं. गोफण फिरवताना दगड जसा हात बाहेर ओढतो, तसंच हे डोकं क्लबला हातातून ओढतं. ढोबळ हिशेब केला तर त्या क्षणी ही ओढ वीस किलोहून जास्त वजनाइतकी भरते. म्हणजे पाण्याचा वीस लिटरचा जार एका क्षणासाठी हाताला लटकल्यासारखं.

हात घामेजलेला असेल तर मेंदू आपोआप एक आदेश देतो: आणखी घट्ट धर. इथेच खरी गडबड होते. मूठ आवळली की मनगट आणि कोपरापर्यंतचे स्नायू ताठरतात, स्विंगचा प्रवाह तुटतो आणि चेंडू भलतीकडे जातो. गोल्फचे शिक्षक म्हणूनच क्लब हातात पाखरू धरल्यासारखा धरायला सांगतात, उडून जाणार नाही इतका घट्ट आणि गुदमरणार नाही इतका सैल.

चांगला ग्लोव्ह ताकद वाढवत नाही. तो घर्षण वाढवतो आणि त्यामुळे कमी जोरात धरूनही क्लब जागेवर राहतो. फोड न येणं हा त्याचा दुसरा फायदा.

आणि पटिंगच्या वेळी तो का काढतात, याचं उत्तरही यातच आहे. पटिंगमध्ये वेग फार कमी असतो, तिथे घर्षणापेक्षा बोटांना कळणारा बारीक स्पर्श मोलाचा. शिवाय तेवढ्या वेळात ग्लोव्हला वारा लागतो आणि घाम सुकतो.

नाव शेळीचं, चामडं मेंढीचं

उत्तम गोल्फ ग्लोव्हवर ‘काब्रेटा’ हा शब्द दिसतो. तो स्पॅनिश-पोर्तुगीज भाषांतल्या शेळीच्या शब्दापासून आला, पण हे चामडं असतं मेंढीचं. तेही लोकरीच्या नाही, तर उष्ण प्रदेशातल्या केसाळ मेंढीचं. आपल्याकडची आंध्रातली नेल्लोर मेंढी ही अशाच केसाळ जातींपैकी. दुरून पाहिलं तर शेळीच वाटावी अशी. गोल्फ ग्लोव्हसाठीची कातडी मुख्यतः इथिओपिया, इंडोनेशिया यांसारख्या देशांतून येते.

लोकरीच्या मेंढीच्या कातडीत चरबी आणि लोकरीची मुळं जास्त, त्यामुळे ती सैलसर असते. केसाळ मेंढीची कातडी दाट विणीची असते. म्हणून ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ केली तरी सहज फाटत नाही. पातळ, मऊ आणि तरी चिवट, हे तिन्ही गुण एकत्र मिळतात म्हणून काब्रेटाचा मान मोठा आणि किंमतही.

बाजारात मिळणारे मुख्य प्रकार असे:

काब्रेटा चामडं: स्पर्श सर्वांत चांगला, हाताला दुसऱ्या कातडीसारखा बसतो. पण घामाने आणि पावसाने लवकर खराब होतो. नियमित खेळणाऱ्याचा असा ग्लोव्ह थोड्याच राउंडमध्ये थकतो.

सिंथेटिक: सूक्ष्म तंतूंपासून बनवलेलं कृत्रिम चामडं. स्वस्त, टिकाऊ आणि ताणलं जाणारं. स्पर्श थोडा बोथट. नवशिक्यांना आणि ड्रायव्हिंग रेंजवर शेकडो चेंडू मारणाऱ्यांना हाच परवडतो. जे लोक चामडं वापरतच नाहीत त्यांच्यासाठीही हाच पर्याय.

मिश्र: तळहात आणि अंगठ्याला चामडं, पाठीला सिंथेटिक किंवा ताणलं जाणारं कापड. काम आणि किंमत यांचा मध्यम मार्ग.

कांगारूचं चामडं: हर्झल या स्विस कंपनीमुळे माहीत झालेला प्रकार. पातळ असूनही अतिशय चिवट. मात्र कांगारूंच्या शिकारीवरून वाद आहे. नायकी आणि प्यूमा या कंपन्यांनी आपल्या बुटांत हे चामडं वापरणं थांबवण्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर केला.

पावसाळी ग्लोव्ह: याविषयी पुढे सविस्तर.

पांढऱ्यापासून पोपटीपर्यंत

पांढऱ्या ग्लोव्हची सोय उघड आहे. उन्हात तो तापत नाही, घामाने रंग सुटून शर्टावर डाग पडत नाहीत आणि तो कोणत्याही कपड्यावर चालतो. गोल्फ क्लबांमध्ये पोशाखाचे नियमही कडक. कॉलरचा शर्ट हवा, जीन्स नको, अशा पाट्या आजही अनेक ठिकाणी दिसतात. अशा वातावरणात ग्लोव्ह रंगीत करायचं फारसं कोणाच्या मनात येत नसे.

गोल्फच्या पोशाखात बदल आधी कपड्यांतून आला. स्वीडनमध्ये १९९६ मध्ये सुरू झालेल्या जे. लिंडेबर्ग या ब्रँडने अंगाला नेटके बसणारे, भडक रंगांचे कपडे मैदानात आणले आणि येस्पर पार्नेविक हा स्वीडिश खेळाडू त्यांचा चेहरा बनला. ग्लोव्हच्या बाबतीत मोठं नाव घेतलं जातं ते जीफोर या ब्रँडचं. फॅशन व्यवसायातून आलेल्या मोसिमो जानुली यांनी २०११ मध्ये लॉस एंजेलिसला तो सुरू केला आणि सुरुवातच केली रंगीत चामडी ग्लोव्हपासून. गोल्फमध्ये शिरायला त्यांनी शर्ट किंवा बूट न निवडता ग्लोव्ह निवडला, यातच बरंच काही आलं. छोटी वस्तू, वारंवार बदलावी लागणारी आणि प्रत्येक फोटोत दिसणारी. पुढे २०१८ मध्ये रिशमाँ या समूहातल्या पीटर मिलर या कंपनीने जीफोर विकत घेतली.

अर्थात, जुनी शिस्त अजून गेलेली नाही. २०२४ च्या मास्टर्स स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा जेसन डे मॅल्बन या नव्या ब्रँडचं मोठ्या अक्षरांचं बिनबाह्यांचं स्वेटर घालून उतरला, तेव्हा ऑगस्टा नॅशनल क्लबने त्याला ते काढायला सांगितलं. ग्लोव्ह मात्र अशा वादांत सहसा सापडत नाही. एवढ्याशा जागेत हौस भागवता येते आणि कोणाचं बिघडतही नाही.

रंग पाठीवर, काम तळव्यावर

ग्लोव्हची फॅशन आणि उपयोग यांचा मेळ घालण्याचं साधं सूत्र आहे. हाताची पाठ क्लबला कधीच लागत नाही. त्यामुळे नक्षी, रंग, छाप, नाव, भरतकाम, जे काही करायचं ते पाठीवर करावं आणि तळवा साधा, पातळ ठेवावा. चांगले डिझायनर हेच करतात. फसवे ग्लोव्ह ओळखायचे तेही इथेच.

चामडं रंगवण्याच्या दोन ढोबळ पद्धती आहेत. एकीत रंग चामड्यात आरपार मुरवतात. त्याने मऊपणा जवळपास तसाच राहतो. दुसरीत वरून रंगाचा लेप देतात. लेप चकचकीत आणि एकसारखा दिसतो, पण चामड्यावर एक परत चढते, ते किंचित ताठ होतं आणि हवा खेळणं कमी होतं. तळव्यावर असा जाड लेप असेल तर ग्लोव्ह फोटोत छान दिसेल, पण हाताला प्लॅस्टिकसारखा वाटेल.

विकत घेण्याआधी काही गोष्टी सहज तपासता येतात:

तळव्याचं चामडं चिमटीत धरून दुमडून पाहा. घडीवर रंग फुटून पांढरट रेघा दिसल्या तर लेप जाड आहे.

गडद रंगाचा ग्लोव्ह असेल तर ओलसर पांढरा रुमाल त्यावर हलकेच घासा. रुमालावर रंग उतरला तर घामाने तो तुमच्या तळव्यावर आणि शर्टावरही उतरणार.

नक्षीदार ग्लोव्हच्या तळव्याकडे नीट पाहा. फुलाफुलांची, ठिपक्यांची छपाई बहुतेक वेळा सिंथेटिक कापडावर असते, कारण अशा धाग्यांवर छाप पक्का बसतो. पाठ छापील आणि तळवा चामड्याचा असेल तर उत्तम. सगळाच ग्लोव्ह सिंथेटिक असेल तर चामड्याची किंमत मोजू नका.

शिवण कुठे आहे ते बघा. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या आतल्या बाजूला जाड शिवण आली तर ती दर स्विंगला टोचते. पाठीवरची सजावटीची शिवण आतून खरखरीत नाही ना, तेही बोट घालून पाहा.

काळा ग्लोव्ह मळ लपवतो, पण भर उन्हात तापतो. पांढरा मळतो, पण झीज कुठे होते ते लगेच दाखवतो. शिकाऊ खेळाडूला पांढऱ्याचा हा गुण फार उपयोगी पडतो.

नियम काय सांगतात?

गोल्फचे नियम दोन संस्था मिळून ठरवतात, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए. ग्लोव्हच्या रंगाला किंवा नक्षीला या नियमांची आडकाठी नाही. एका हातात घाला, दोन्ही हातांत घाला किंवा घालूच नका, सगळं चालतं. अट एवढीच की ग्लोव्ह ‘साधा’ हवा, म्हणजे पकडीत कृत्रिम मदत करणारा नको.

म्हणून बोटं क्लबला बांधणारे पट्टे, मनगट एकाच कोनात धरून ठेवणारे साचे, वजन लावलेले ग्लोव्ह किंवा ग्रिपला चिकटणारी वेल्क्रोसारखी व्यवस्था असलेले ग्लोव्ह चालत नाहीत. गादी भरण्यावरही मर्यादा आहे. ग्लोव्हचा एखादा भाग शेजारच्या भागापेक्षा ०.६३५ मिलिमीटरहून जास्त जाड असेल तर ती गादी धरली जाते. झीज कमी व्हावी किंवा घाम टिपला जावा म्हणून लावलेलं पातळ ठिगळ या मर्यादेत असेल तर चालतं.

मुद्दाम हे लक्षात ठेवायचं कारण असं की ‘आपोआप अचूक पकड’ असा दावा करणारे सरावाचे ग्लोव्ह ऑनलाइन दिसतात. घरी किंवा रेंजवर वापरायला हरकत नाही. पण स्पर्धेत असा ग्लोव्ह घालून फटका मारला तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड बसतो. तीच चूक पुन्हा स्वतंत्रपणे झाली तर खेळाडू बाद होतो.

हात कोरडा ठेवायला पावडर आणि पकडीसाठी राळ वापरायला मात्र नियमांची परवानगी आहे. ग्रिपभोवती रुमाल गुंडाळला तरी चालतो.

महिलांचा ग्लोव्ह म्हणजे पुरुषांचा छोटा ग्लोव्ह नव्हे

दुकानातल्या महिलांच्या ग्लोव्हमध्ये बरेचदा फरक असतो तो फक्त मापाचा आणि गुलाबी रंगाचा. पण हाताची ठेवण वेगळी असते. तळवा अरुंद, बोटं सडपातळ. पुरुषांचा लहान ग्लोव्ह घातला तर बोटांच्या मुळाशी चामडं गोळा होतं आणि त्याच वळीवर फोड येतात.

दुसरा प्रश्न नखांचा. लांब नखं असतील तर बंद टोकाच्या ग्लोव्हमध्ये ती दुखतात आणि चामडंही आतून फाडतात. यासाठी बोटांची टोकं उघडी असलेले किंवा टोकाला चीर ठेवलेले ग्लोव्ह मिळतात. तिसरा प्रश्न अंगठीचा. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा ग्लोव्ह डाव्या हातात येतो आणि साखरपुड्याची अंगठीही अनेकींच्या डाव्याच हातात. त्यासाठी अनामिकेवर खाच ठेवलेले ग्लोव्ह आहेत. तरीही उंच खड्याची अंगठी काढून ठेवलेलीच बरी. ती शेजारच्या बोटात रुतते, आणि मैदानात पडली तर सापडणं कठीण.

चौथा प्रश्न उन्हाचा. चार-साडेचार तासांच्या राउंडनंतर एक हात गोरा आणि एक काळवंडलेला, ही गोल्फपटूंची जुनी तक्रार. दक्षिण कोरियात अनेक महिला दोन्ही हातांत ग्लोव्ह घालतात आणि तिथे महिलांसाठी जोडीनेच ग्लोव्ह विकले जातात. तिथे सौंदर्याची काळजी आणि कातडीचं संरक्षण ही दोन्ही कामं एकाच जोडीने होतात.

संधिवात असलेल्यांसाठीही वेगळे ग्लोव्ह आहेत. बेसबॉलच्या बॅटसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतल्या हिलरिच अँड ब्रॅड्सबी कंपनीने हाताच्या एका शल्यविशारदाच्या मदतीने बायोनिक नावाचा ग्लोव्ह काढला. तळव्यावरचे खोलगट भाग पातळ गाद्यांनी भरून दाब सगळीकडे सारखा पसरवायचा, ही त्यामागची कल्पना. बोटं दुखतात म्हणून खेळ सोडायच्या बेतात असलेल्यांना अशा ग्लोव्हचा आधार वाटतो.

दोन ग्लोव्हवाले आणि बिनग्लोव्हवाले

एक ग्लोव्ह हा शिरस्ता आहे, सक्ती नाही. इंग्लंडचा आरन राय दोन्ही हातांत काळे ग्लोव्ह घालून खेळतो. भारतीय वंशाच्या कुटुंबातला राय वुल्व्हरहॅम्प्टनला जन्मला. लहानपणी त्याला ग्लोव्हची जोडी मिळाली आणि ती घालायची सवय लागली. एकदा वडील दुसरा ग्लोव्ह बॅगेत ठेवायला विसरले आणि एका ग्लोव्हवर त्याला धड खेळताच येईना. तेव्हापासून तो दोनच वापरतो. २०२४ मध्ये त्याने याच जोडीसह विंडम चँपियनशिप जिंकून पीजीए टूरवर पहिलं विजेतेपद मिळवलं.

अमेरिकेच्या टॉमी गेनीचं तर टोपणनावच ‘टू ग्लोव्हज’. बेसबॉलमधून आल्यामुळे दोन ग्लोव्हची सवय त्याने गोल्फमध्येही सोडली नाही. २०१२ मध्ये मॅकग्लॅड्री क्लासिकच्या शेवटच्या दिवशी त्याने ६० फटक्यांत राउंड संपवला आणि स्पर्धा जिंकली.

दुसऱ्या टोकाला आहे फ्रेड कपल्स. १९९२ ची मास्टर्स त्याने उघड्या हातांनी जिंकली. २००९ ची यूएस ओपन जिंकणारा लुकस ग्लोव्हरही आडनावाला न जागता ग्लोव्हशिवाय खेळतो.

यातून एक गोष्ट कळते. ग्लोव्ह चांगल्या पकडीला मदत करतो, चुकीची पकड सुधारत नाही. महागडा ग्लोव्ह घेण्याआधी एखाद्या जाणकाराकडून पकड तपासून घेणं जास्त फायद्याचं.

आपल्याकडच्या हवेत काय चालेल?

गोल्फविषयीचे इंग्रजी सल्ले बहुतेक थंड किंवा कोरड्या हवेसाठी लिहिलेले असतात. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर मे महिन्यात खेळणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. दमट हवेत घाम सुकतच नाही. घामातलं मीठ चामड्यात मुरतं आणि वाळल्यावर तेच चामडं पापडासारखं कडक होतं.

यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे दोन किंवा तीन ग्लोव्ह आलटून पालटून वापरणं. तीन-चार होल झाले की ग्लोव्ह बदलायचा आणि पहिला बॅगेला बाहेरून अडकवून सुकू द्यायचा. असे तीन ग्लोव्ह एकामागोमाग एक वापरलेल्या तीन ग्लोव्हपेक्षा जास्त टिकतात. पाठीवर बारीक छिद्रं किंवा जाळीचं कापड असलेला ग्लोव्ह या हवेत बरा. यरवड्याच्या पूना गोल्फ क्लबसारख्या ठिकाणी, जिथे हवा मुंबईपेक्षा कोरडी असते, तिथे पूर्ण चामड्याचा ग्लोव्हही बरा टिकतो.

पावसात मात्र चामडं नकोच. ओलं काब्रेटा बुळबुळीत होतं. पावसाळी ग्लोव्हचा तळवा सुएडसारख्या बारीक तंतूंच्या कापडाचा असतो आणि त्याची गंमत अशी की तो भिजल्यावर जास्त चांगली पकड देतो. हे ग्लोव्ह जोडीने मिळतात, कारण पावसात दोन्ही हात ओले होतात. कोरड्या हवेत ते जाडसर वाटतात, म्हणून एक जोडी बॅगेत ठेवून गरजेपुरती काढावी.

नवा चामडी ग्लोव्ह घातल्यावर हाताला खाज सुटून पुरळ येत असेल तर चामडं कमावताना वापरलेल्या क्रोमियमची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं आणि तोवर सिंथेटिक ग्लोव्ह वापरावा.

माप कसं घ्यायचं?

नवशिके बहुधा सैल ग्लोव्ह घेतात, कारण तो दुकानात आरामदायक वाटतो. गोल्फ ग्लोव्ह अंगठ्यापासून करंगळीपर्यंत कातडीसारखा चिकटून बसला पाहिजे.

बोटांच्या पेरांच्या मुळाशी तळव्याचा घेर मोजा, अंगठा सोडून. मग मधल्या बोटाची टोकापासून तळव्याच्या वळीपर्यंतची लांबी घ्या. ही दोन मापं कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. प्रत्येक कंपनीचं ‘मीडियम’ वेगळं असतं.

तळवा रुंद पण बोटं आखूड असतील तर ‘कॅडेट’ माप मागा. हे माप अनेकांना माहीतच नसतं आणि मग ते टोकाला रिकामी बोटं असलेला मोठा ग्लोव्ह घेतात.

ग्लोव्ह घातल्यावर बोटांच्या टोकाला जागा उरता कामा नये. तळव्यावर वळ्या दिसू नयेत. पाठीवरची वेल्क्रोची पट्टी लावल्यावर ती पूर्ण टोकापर्यंत जायला नको, थोडी जागा शिल्लक हवी. चामडं वापराने ताणलं जातं, तेव्हा ती जागा उपयोगी पडते. पट्टी पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत ओढावी लागत असेल तर ग्लोव्ह मोठा आहे.

फाटलेला ग्लोव्ह काय सांगतो?

जुना ग्लोव्ह टाकण्याआधी त्याचा तळवा उजेडात धरून बघा. तुमच्या खेळाचा तो एक प्रकारचा अहवालच असतो.

मनगटाजवळच्या मांसल भागावर भोक पडलं असेल तर क्लब बोटांऐवजी तळव्यात धरला जातोय किंवा स्विंग करताना हातात सरकतोय, असं समजा. अंगठ्यावर झीज असेल तर अंगठ्याने जास्त दाबलं जातंय किंवा तो फार लांब ताणला जातोय. शेवटच्या तीन बोटांच्या मुळाशी हलकी, सारखी झीज असेल तर पकड ठीक आहे. दर वेळी ग्लोव्ह एकाच जागी आणि लवकर फाटत असेल तर दोष चामड्याचा नसून पकडीचा असण्याची शक्यता जास्त.

ग्रिपही तपासा. जुनं, गुळगुळीत झालेलं रबर कितीही चांगल्या ग्लोव्हला हरवतं. कोमट पाणी आणि साबणाने ग्रिप धुतली, कोरडी केली तरी पुष्कळ फरक पडतो.

काळजी कशी घ्यायची?

ग्लोव्ह मनगटाकडून ओढून उलटा काढू नका. एकेक बोट थोडं थोडं सैल करत काढा.

खेळ संपल्यावर तो चुरगळून बॅगेत टाकू नका. हाताने सपाट करून सावलीत, हवेशीर जागी वाळवा. कडक ऊन, हेअर ड्रायर किंवा गाडीचा तापलेला डॅशबोर्ड यांनी चामडं कडक होतं.

पूर्ण वाळल्यावर तो मूळ पाकिटात किंवा झिपच्या पिशवीत सपाट ठेवा. ओलसर असताना पिशवीत बंद केला तर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते.

चामडी ग्लोव्ह वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. ओलसर कापडाने पुसा. सिंथेटिक ग्लोव्ह सौम्य साबणाने हाताने धुता येतो.

वेल्क्रोच्या दातांत अडकलेले धागे, गवत अधूनमधून काढा. पट्टी धरेनाशी झाली की चांगला ग्लोव्हही सैल होतो.

खर्चाचा हिशेब कसा करावा?

ग्लोव्हची किंमत पाहताना वेष्टनावरच्या आकड्याला तो किती राउंड टिकेल त्या संख्येने भागा. तीनपट महाग चामडी ग्लोव्ह निम्मे राउंड टिकला तर दर राउंडला तो सहापट महाग पडतो. महिन्यातून एकदा खेळणाऱ्याला स्पर्शासाठी ही किंमत परवडेल. रोज रेंजवर जाणाऱ्याने सरावाला सिंथेटिक आणि सामन्याला चामडी असे दोन वेगळे ठेवले तर खिसा आणि हात दोन्ही सांभाळले जातात.

रंगाचं म्हणाल तर तो जरूर आवडीचा घ्या. फक्त क्रम लक्षात ठेवा: आधी हात कोणता, मग माप, मग तळव्याचं चामडं, मग हवा आणि ऋतू. या चार चाळण्यांतून जे ग्लोव्ह उरतील, त्यांतून मग पोपटी घ्या, गुलाबी घ्या किंवा फुलाफुलांचा. तो फोटोतही छान दिसेल आणि अठराव्या होलवर हातातही नीट राहील.